छिंगमिंग : चीनमधला असा सण, ज्याच्या शुभेच्छा देत नाहीत

एप्रिलचा पहिला आठवडा आला की चीनमधले हायवे तुंबतात, रेल्वेची तिकिटं हाताला लागत नाहीत. सगळे गावाकडे निघालेले असतात. कशासाठी, तर आजी-आजोबांच्या, पणजोबांच्या थडग्यांवर उगवलेलं गवत काढायला. या दिवसाचं नाव छिंगमिंग. तुमचा कुणी चिनी मित्र असेल तर त्याला ‘हॅपी छिंगमिंग’ असा मेसेज मात्र पाठवू नका. तिकडेही यावरून सोशल मीडियावर वाद होतात, पण बहुतेकांना ते खटकतंच.

चीनचे बाकीचे मोठे सण चंद्रावर चालतात, म्हणून त्यांच्या तारखा दरवर्षी बदलतात. छिंगमिंग सूर्यावर चालतो. आपल्या संक्रांतीसारखाच. चिनी पंचांगात वर्षाचे २४ सौर टप्पे आहेत, त्यातला हा एक. वसंत संपातानंतर साधारण १५ दिवसांनी येतो, म्हणून तारीख ४ किंवा ५ एप्रिल. ‘छिंग’ म्हणजे स्वच्छ आणि ‘मिंग’ म्हणजे उजळ. थंडी सरून हवा मोकळी होते, पेरणीला सुरुवात होते, ते हे दिवस.

घरचे लोक थडगं झाडतात, पुसट झालेली अक्षरं पुन्हा रंगवतात, उदबत्त्या लावतात, फळं आणि दारूचा पेला ठेवतात. पांढरी-पिवळी शेवंती वाहतात. म्हणूनच चीनमध्ये कुणाच्या घरी जाताना पांढरी शेवंती न्यायची नसते. मग कागदी नोटा जाळतात. धुरातून ते पैसे वर गेलेल्या माणसाला मिळतात, अशी श्रद्धा. आता नोटांसोबत कागदी बंगले, गाड्या, मोबाइलही मिळतात. आजोबांनी जन्मात स्मार्टफोन पाहिला नसेल, पण तिकडे त्यांना हवाच!

गंमत म्हणजे आज धुराने ओळखला जाणारा हा सण एका चूल न पेटवण्याच्या दिवसाशी जोडलेला आहे. त्याची दंतकथा अशी. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात चिन राज्याचा राजपुत्र चोंगअर वनवासात होता. उपासमार झाली तेव्हा जिए झितुई या सेवकाने स्वतःच्या मांडीचं मांस कापून त्याला खाऊ घातलं. पुढे चोंगअर राजा झाला, सगळ्यांना बक्षिसं वाटली आणि नेमका यालाच विसरला. जिए आईला घेऊन डोंगरात निघून गेला. त्याला बाहेर काढायला राजाने जंगलालाच आग लावली. मायलेक बाहेर आलेच नाहीत, जळलेल्या विलोच्या झाडापाशी त्यांचे देह सापडले. पस्तावलेल्या राजाने त्या दिवशी कुणी विस्तव पेटवू नये, असा हुकूम काढला. तो ‘थंड जेवणाचा सण’ पुढे छिंगमिंगमध्ये मिसळून गेला. दारावर विलोच्या फांद्या लावायची प्रथा याच कथेशी जोडतात.

पण मेलेल्यांची आठवण काढणं नेहमीच निरुपद्रवी नसतं. ८ जानेवारी १९७६ ला पंतप्रधान चाऊ एन लाय वारले. लोकांना ते प्रिय होते, पण सत्तेतल्या जहाल गटाला त्यांचा शोक नको होता. छिंगमिंग आला आणि लाखो लोक तिआनमेन चौकात पुष्पचक्रं, कविता घेऊन जमले. पूर्वजांना फुलं वाहायला कोण अडवणार? रात्रीतून ती सगळी फुलं उचलली गेली. ५ एप्रिलला चौकात संघर्ष पेटला. सरकारने याला प्रतिक्रांती ठरवलं, डेंग शाओपिंग यांची पदं गेली. १९७८ मध्ये हाच शिक्का पुसून ते आंदोलन योग्य ठरवण्यात आलं. छिंगमिंगला सरकारी सुट्टी मिळायला मात्र २००८ उजाडलं.

४ एप्रिल २०२० ला, छिंगमिंगच्याच दिवशी, कोरोनात गेलेल्यांसाठी सकाळी १० वाजता चीनमध्ये ३ मिनिटं सगळं थांबलं. गाड्यांचे हॉर्न आणि भोंगे तेवढे वाजत होते.

सण नुसता रडण्याचाही नाही. थडग्यांवरून परतताना लोक पतंग उडवतात, सहल काढतात. शांघायकडे चिकट तांदळाच्या पिठात हिरव्या पाल्याचा रस घालून, आत गोड सारण भरून छिंगथुआन नावाचे गोळे करतात, आपल्या मोदकाच्या जातीचे, पण गोल. छिंगमिंगच्या आधी खुडलेला कोवळा चहा सगळ्यात महाग विकला जातो.

वणवे आणि प्रदूषणामुळे अनेक शहरांनी आता नोटा जाळण्यावर बंदी घातली आहे. ज्यांना गावी जाता येत नाही ते ऑनलाइन मेणबत्ती लावतात. उत्तरेकडच्या शहरांत तरीही संध्याकाळी चौकात कुणीतरी खडूने वर्तुळ काढून नोटा पेटवताना दिसतं. त्या वर्तुळात एक फट मुद्दाम ठेवलेली असते, घरच्या माणसाला आत येऊन पैसे घेता यावेत म्हणून.