केजची लांबी वजाबाकी ठरवते

बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यात राहणाऱ्या सायकलस्वाराला दोन टोकांचे रस्ते जवळ आहेत. एकीकडे काटई-कर्जत राज्यमार्गाचे बऱ्यापैकी सपाट डांबर, दुसरीकडे बारवी धरणाकडचा जंगलपट्टा आणि कोंडेश्वर, टावळीकडचे चढ. दोन्हीकडे एकच माउंटन बाइक न्यायची म्हणजे गिअरचा आवाका मोठा हवा, आणि इथेच मागच्या डिरेलरच्या, म्हणजे चेन एका चाकावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेच्या, केजचा प्रश्न येतो. केज म्हणजे डिरेलरला खाली लोंबणारी, दोन छोटी दातेरी चाके धरून ठेवणारी पट्टी. ती आखूड, मध्यम आणि लांब अशा मापांत मिळते. ‘लांब घ्या, सगळ्याला चालते’ हा सल्ला सर्रास ऐकू येतो. तो अगदी चूक नसला तरी आळशी आहे. केजची लांबी मुळात निवडायची गोष्टच नाही. चेनरिंग (पेडलजवळचे दातेरी चाक) आणि कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चाकांचा संच) ठरले की ती आपोआप ठरते, म्हणून डोके चालवायचे ते आधीच्या पायरीवर.

चेनच्या दोन कड्यांमधले अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर असते. चेन दातेरी चाकाला साधारण अर्धा वळसा घालते. त्यामुळे चाकाचे दोन दाते कमी झाले की चेनचे अंदाजे एक कडे मोकळे होते. 10 ते 51 दात्यांच्या कॅसेटवर सर्वांत मोठ्या चाकावरून सर्वांत लहान चाकावर आले की 41 दात्यांचा फरक पडतो, म्हणजे सुमारे 26 सेंटिमीटर चेन सैल होते. ही सैल चेन केज मागे वळून स्वतःकडे ओढून घेते. पुढे दोन-तीन चेनरिंग असतील तर त्यांच्यातला फरकही यात मिळवायचा. आपल्याकडे सर्वत्र दिसणाऱ्या तीन गुणिले सात गिअरच्या सायकलीत पुढे 42-34-24 आणि मागे 14 ते 28 असेल, तर 18 अधिक 14, बेरीज 32. सैल चेन ओढून घेण्याची डिरेलरची क्षमता निदान एवढी हवी. 2012 मध्ये स्रामने माउंटन बाइकसाठी एकच चेनरिंग आणि 10 ते 42 ची कॅसेट आणली, तेव्हा पुढचा फरक शून्य झाला आणि केज आखूड होईल अशी आशा वाटली. पण 2016 मध्ये त्याच कंपनीने 10 ते 50 ची कॅसेट काढली आणि केज पुन्हा लांबली!

लांब केजला हरकत काय? बारवीकडच्या वाटेवर पावसाळ्यात चिखल, लांब गवत आणि काळ्या बेसाल्टचे सुटे दगड असतात. चाकाखालून उडालेला दगड किंवा चाकाला गुंडाळले जाणारे गवत आधी गाठते ते जमिनीच्या सर्वांत जवळ लोंबणाऱ्या केजला. ती अडकली तर डिरेलरला फ्रेमशी जोडणारा हँगर वाकतो, कधी डिरेलर थेट स्पोक्समध्ये जातो. आता क्लचवाले डिरेलर आले आहेत, मग लांबीची काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. क्लच केजचे हिंदकळणे रोखतो आणि चेनची फडफड थांबवतो हे खरे, पण जमिनीपासूनचे अंतर तो एक मिलिमीटरनेही वाढवत नाही.

आखूड केजवरचा यापेक्षा वजनदार आक्षेप चढाचा आहे. कोंडेश्वरच्या वाटेवर 51 दात्यांचे चाक नसेल तर दम लागेल, असे म्हणतात. इथे आकडेमोड करून पाहावी. 29 इंची चाकाचा परीघ टायरसकट सुमारे 2.3 मीटर. पुढे 32 आणि मागे 51 असताना पेडलच्या एका फेरीत सायकल 1.44 मीटर पुढे जाते. पुढे 28 आणि मागे 45 ठेवले तर 1.43 मीटर. चढ तेवढाच सोपा, पण 10 ते 45 च्या कॅसेटला क्षमता लागते फक्त 35. शिमानोच्या 2018 च्या एक्सटीआर मालिकेत 10 ते 45 साठी मध्यम केज होती ती याच हिशेबाने. बदल्यात गमावतो काय, तर वेग: मिनिटाला 80 फेऱ्यांनी 10 दात्यांच्या चाकावर ताशी 35 ऐवजी 31 किलोमीटर. जाड टायरची सायकल काटई-कर्जत रस्त्यावर याहून वेगाने किती वेळ रेटता येते, हे ज्याने त्याने ठरवावे. लहान चेनरिंग थोडी लवकर झिजते, हेही मान्य. मागे सस्पेन्शन असेल तर कंपनीने सांगितलेल्या किमान चेनरिंगखाली मात्र जाऊ नये.

तीन चेनरिंगवाल्यांचा युक्तिवाद वेगळा असतो: पुढे लहान, मागेही लहान हा जोड आम्ही वापरतच नाही, मग पूर्ण क्षमता कशाला? यात तथ्य आहे. त्या जोडात चेन सैल लोंबेल, एवढेच. मात्र चेनची लांबी पुढचे मोठे आणि मागचे मोठे या जोडावर मोजूनच कापली पाहिजे. तिथे ती आखूड पडली आणि चुकून तो गिअर लागला, तर डिरेलर उखडतो.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज दुसराच आहे. केज लांब असली म्हणजे मागे कितीही मोठे चाक बसेल, असे नाही. वरचे छोटे चाक कॅसेटपासून किती खाली सरकू शकते यावर ती मर्यादा ठरते आणि ती केजच्या लांबीहून वेगळी असते. 34 दात्यांपर्यंतचा लांब केजचा डिरेलर 46 च्या चाकाला घासणारच. म्हणून दुकानात जाण्याआधी आपल्या चेनरिंगचे आणि कॅसेटचे दाते मोजून कागदावर लिहा, वजाबाकी करा, आणि दुकानदाराला डिरेलरचे दोन आकडे विचारा: एकूण क्षमता किती आणि सर्वांत मोठे चाक कितीचे. या दोन्हींत बसणारी सर्वांत आखूड केज घ्या.