सफरचंद लावताय? आधी थंडी मोजा!

फळ खाऊन झालं की बी कुंडीत खोचायचा मोह कुणाला होत नाही? पण सफरचंद मोठं नखरेल झाड. त्याच्या अटी ऐका, मग खड्डा खणा.

बी म्हणजे लॉटरी
सफरचंदाला बहुधा दुसऱ्या जातीचा पराग लागतो. त्यामुळे एकाच फळातल्या पाच बिया पाच तऱ्हेची झाडं देतात आणि बहुतेकांची फळं तोंड वाकडं करायला लावतात. क्वचित जॅकपॉटही लागतो. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ मारिया अ‍ॅन स्मिथ या आजींच्या मळ्यात १८६८ च्या सुमारास एक रोप आपसूक उगवलं. तेच आजचं हिरवंगार ‘ग्रॅनी स्मिथ’!

वर एक, खाली दुसरं
म्हणून सफरचंद कलमानेच लावतात. वर आवडीची जात, खाली वेगळाच खुंट, म्हणजे मुळांकडचा भाग. आणि झाड किती वाढणार, हे ठरवतो खुंट. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग केंद्राने या खुंटांना क्रमांक दिले. एम-२७ वरचं झाड साधारण माणसाएवढं राहतं, एम-९ वरचं अडीच-तीन मीटरचं, तर एमएम-१११ वरचं चार मीटरही ओलांडतं. कुंडीत लावायचंय की अंगणात, ते ठरवूनच खुंट विचारा.

तासांचा हिशेब
हिवाळ्यात साधारण ७ अंशांखाली पुरेसे तास गेल्याशिवाय झाड नीट फुलत नाही. बऱ्याच जुन्या जातींना असे ८०० ते १००० तास लागतात. इस्रायलची ‘अ‍ॅना’ मात्र दोन-तीनशे तासांत खूश!

उकिरड्यातून पद्मश्री
हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात, उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो अशा भागात, हरिमन शर्मा यांच्या परसात टाकलेल्या बियांतून एक रोप उगवलं. त्यांनी त्याची फांदी आलुबुखारच्या झाडावर बांधली आणि उष्ण हवेतली ‘एचआरएमएन-९९’ जात जन्मली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रात सफरचंदाचे प्रयोग करणारे अनेक जण याच जातीपासून सुरुवात करतात.

शेजारी हवाच
एकच झाड लावलं, तर फुलं भरपूर आणि फळं मोजकी, असं होऊ शकतं. जवळ त्याच वेळी फुलणारी दुसरी जात हवी. ‘अ‍ॅना’ची ठरलेली जोडीदार म्हणजे बहामातली ‘डॉर्सेट गोल्डन’. ब्रिटिशांची लाडकी ‘ब्रॅम्ली’ तर आणखी हट्टी. तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच, त्यामुळे पराग कुचकामी. ती शेजाऱ्याकडून घेते, देत काहीच नाही. म्हणून तिच्यासोबत आणखी दोन जाती लावतात!

जोड झाकू नका
कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा. तो गाडला गेला, तर वरची जात स्वतःची मुळं सोडते आणि बुटक्या खुंटाचे पैसे वाया जातात. पाणी साचणारी जागा टाळा. जुनं सफरचंद काढलेल्या खड्ड्यात नवं लावू नका. पहिल्या वर्षी फळं धरली, तर मन घट्ट करून खुडा; आधी मुळं जमू द्या.

न्यूटनचं झाड पुण्यात
इंग्लंडमधल्या वूल्स्थॉर्पचं, न्यूटनच्या घराजवळचं ते प्रसिद्ध झाड १८२० च्या सुमारास वादळात आडवं झालं, पण पुन्हा फुटलं. त्याच्या वंशातली कलमं जगभर गेली. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातही लावली गेली. जात ‘फ्लॉवर ऑफ केंट’, मुख्यतः शिजवून खायची. तेव्हा गुरुत्वाकर्षण शिकायचं असेल तर न्यूटनचं झाड लावा. कापून, मीठ-मसाला भुरभुरून खायचं असेल तर दुसरी जात बघा!