कवेलू, टिनपत्रा आणि स्लॅब : आर्वीच्या घरांचे उष्णताशास्त्र

परकीय सत्ता घराचे रूप बदलते, ते नेहमीच कमानी, कठडे आणि रंगीत काचा आणून बदलते असे नाही; जंगल कोणाचे, पीक कोणते आणि बाजार कुठला हे ठरवूनही ती भिंतींत आणि छपरात शिरते. वर्धा जिल्ह्यातील आर्वी आणि भोवतालच्या गावांतील जुनी घरे या दुसऱ्या प्रकारात मोडतात. इंग्रजी थाटाची नक्कल त्यांत फारशी दिसत नाही, पण त्यांचे छप्पर कशाचे असावे हा निर्णय मात्र गेल्या दीडशे वर्षांत मालकाच्या हातून बराचसा सुटत गेला.

तुलनेसाठी फिलिपिन्सकडे पाहता येईल. तेथील मूळचे घर, म्हणजे 'बहाय कुबो', खांबांवर उचललेले, बांबूचे आणि निपा नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या पानांनी शाकारलेले असे. तळाच्या बांबूपट्ट्यांमधील फटींतून वारा आत येई आणि पुराचे पाणी खालून निघून जाई. 1565 ते 1898 या स्पॅनिश अमलात सधन लोकांचे 'बहाय ना बातो' हे दगडी घर आकाराला आले, ज्यात तळमजला दगडाचा, वरचा लाकडाचा आणि खिडक्यांना शिंपल्याच्या अर्धपारदर्शक चकत्या असत. मात्र या घराचा भार दगडावर नसून जुन्याच पद्धतीच्या लाकडी खांबांवर असे, आणि मनिलात 1863 व 1880 साली झालेल्या भूकंपांनंतर जड कौले मागे पडून नालीदार जस्ती पत्रा पसरला, तो जीव वाचवण्यासाठी. आर्वीकडे पत्रा आला, पण भूकंपाच्या भीतीने नव्हे.

आर्वीच्या जुन्या घराचा विचार मातीपासून सुरू करावा लागतो. या भागातील काळ्या कापसाच्या जमिनीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज भरपूर असते. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरले की ते फुगते आणि वाळले की आक्रसते, म्हणूनच उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीची भिंत पहिल्या पावसाळ्यातच तडकेल. त्यामुळे भिंतींसाठी वापरली जाई ती पांढरी माती, म्हणजे जुन्या वस्तीच्या किंवा पडक्या गढीच्या जागेवरची, चुन्याचा अंश आणि राख मिसळलेली, कमी फुगणारी माती. छपराचा भार सागवानी खांब आणि तुळयांवर असे, दोन खांबांमधील अंतराला खण म्हणत, आणि घराची मोजदादही खणांतच होई. पाया किंचित हलला तरी लाकडी सांगाडा ते सोसून घेई आणि भिंतीला गेलेली भेग दिवाळीपूर्वी लिंपून बुजवली जाई. गरिबाच्या घरी मातीच्या जाड भिंतीऐवजी कूड असे, म्हणजे पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या किंवा बांबूच्या कामट्यांचा ताटवा आणि त्याला दोन्ही अंगांनी शेणमातीचा लेप.

जाड भिंतीचे गणित मोठे रंजक आहे. उन्हाने तापलेल्या बाहेरच्या पृष्ठभागावरून उष्णतेची लाट आत सरकते तेव्हा तिला वेळ लागतो आणि वाटेत तिची तीव्रताही घटते. या उशिराला कालविलंब म्हणतात आणि तो जाडीच्या प्रमाणात वाढतो. मातीच्या उष्णतावहनाचे सर्वसाधारण आकडे घेतले तर दीड फुटी भिंतीत हा विलंब बारा ते पंधरा तासांचा निघतो आणि दिवसरात्रीच्या तापमानातील चढउतार आतल्या बाजूस पाच टक्क्यांच्याही आत राहतो. म्हणजे दुपारी तीनच्या उन्हाचा उरलासुरला प्रभाव माजघरात पहाटे पोचतो, आणि तोपर्यंत घरची माणसे अंगणात बाजेवर झोपलेली असतात. मे महिन्यात जिथे पारा कधी 45 अंशांच्याही वर जातो, पण कोरड्या हवेमुळे रात्र बरीच उतरते, तिथे भिंत आणि बाज ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे होती. मनिलाच्या दमट हवेत रात्र फारशी थंड होत नाही, म्हणून तेथील घर वाऱ्यावर विसंबले. आर्वीचे घर वेळेवर विसंबले.

छपरावर कुंभाराने घडवलेले देशी कवेलू असत. चाकावर काढलेली नळी उभी चिरून दोन पन्हळी होत, त्या उलटसुलट रचल्या जात, आणि सांध्यांमधील फटींतून माळ्यावरची गरम हवा निघून जाई. दोष एवढाच की वानरांच्या टोळ्या छपरावरून जात, म्हणून दर पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरावे लागत, आणि त्यासाठी वासे, बांबू व माणूस तिन्ही लागत.

नेमके इथेच वसाहतीचे राज्य आड आले. 1853 साली नागपूरचे राज्य खालसा झाले, 1862 साली वर्धा हा वेगळा जिल्हा झाला, आणि 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलांची रेषा आखली. सागवान व बांबू आणण्याची जुनी मुभा 'निस्तार' या नावाखाली नियमांत आणि शुल्कांत बांधली गेली, तर मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, वाडा मात्र सागाने सजतच राहिला. दुसरीकडे अमेरिकेतील यादवी युद्धाने (1861 ते 1865) कापसाचे भाव चढले, 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली आणि त्याच वर्षी आर्वीत नगरपालिका आली. पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले आणि 1917 साली पुलगाव-आर्वी ही सुमारे 35 किलोमीटरची अरुंद मार्गाची गाडी सुरू झाली. कापसाच्या गाठी घेऊन जाणाऱ्या या वाहतुकीने परत येताना लोखंडी तुळया, पत्रे आणि मंगळुरी कौले आणणे सोपे केले. या कौलांना विदर्भात सर्रास इंग्रजी कवेलू म्हणतात, पण मंगळुरात 1865 साली त्यांचा कारखाना काढला तो बासेल मिशनने, म्हणजे जर्मन-स्विस पाद्र्यांनी. बाजारपेठेतील घरांनी तोंडही फिरवले: पेंढाऱ्यांच्या भीतीने रस्त्याकडे आंधळी भिंत ठेवणारे घर आता दुकान, गॅलरी आणि कठडा घेऊन रस्त्याकडे पाहू लागले.

टिनपत्र्याचे आकर्षण समजण्यासारखे आहे, कारण तो हलका असतो, त्याला लाकूड कमी लागते आणि वानर तो फोडू शकत नाही. उष्णतेच्या हिशेबात मात्र तो फसवा आहे. नवा जस्ती पत्रा चकाकतो, बरेचसे ऊन परतवतो, म्हणून तो थंड राहील असे वाटते. पण चकचकीत धातूची उत्सर्जकता, म्हणजे साठलेली उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकण्याची क्षमता, फार कमी असते, त्यामुळे जेवढी उष्णता शोषली जाते तीही आकाशाकडे सहज जात नाही. काही वर्षांनी पत्रा गंजून काळवंडला की तो किरणे अधिक टाकू लागतो, परंतु तोवर ऊन शोषण्याचे प्रमाणही वाढलेले असते, आणि टाकलेल्या उष्णतेचा वाटा खालच्या माणसाच्या डोक्यावरही पडतो. कालविलंब तर जवळपास शून्य. सिमेंटच्या चार इंची स्लॅबचा विलंब तीन तासांच्या आसपास भरतो, म्हणजे दुपारची धग सायंकाळी, माणसे शेतावरून परतण्याच्या सुमारास, खाली उतरते. छतावर पाणी मारण्याची संध्याकाळची पद्धत त्यातूनच रूढ झाली.

याच जिल्ह्यात या प्रश्नाचा विचारही झाला. 1936 साली गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले, तेव्हा घरे स्थानिक साहित्याची असावीत असा त्यांचा आग्रह होता. मुळात मीराबेन यांच्यासाठी उभी राहिलेली आणि पुढे बापू कुटी झालेली झोपडी लाकूड, बांबू, माती आणि देशी कवेलूंची आहे, आणि तिच्या मातीच्या भिंतीवर ताडाची झाडे व चरखा यांची उठावचित्रे मीराबेन यांनीच काढली आहेत. 1976 साली देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यात स्थापन केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने पुढचे पाऊल टाकले आणि कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या, निमुळत्या व पोकळ मातीच्या नळ्या एकमेकींत अडकवून कमानदार छत उभारण्याची 'गुना टाइल' पद्धत विकसित केली. या छताला लाकूड लागत नाही, कमानीमुळे भार दाबाच्या रूपाने भिंतींत उतरतो आणि नळ्यांमधील कोंडलेली हवा उष्णतेला अडवते. स्लॅबपेक्षा हा हिशेब सरस आहे यात शंका नाही. पण अशा कमानीवर दुसरा मजला सहज चढवता येत नाही, आणि मुलाच्या लग्नानंतर वर खोली काढता यावी म्हणून स्लॅबमधून सळया बाहेर सोडून ठेवणाऱ्या घरमालकाला तो अजून पटलेला नाही.