पकड जमली!

वयाच्या ३८व्या वर्षी दोरीचा मल्लखांब सुरू केला. महिनाभर वीतभरही वर सरकले नाही. दोरीला गाठ मारायची नसते. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत ती घट्ट धरायची, हीच पकड. सालटं निघाली, पण सोडलं नाही.

सुरुवातीची ताकद स्नायू फुगून येत नाही. आहेत त्याच स्नायूंतले जास्त तंतू एकदम कामाला लावायला मेंदू शिकतो. त्यामुळे वजनकाटा जागचा हलला नाही, तरी चौथ्या महिन्यात मी दोरीवर पद्मासन घातलं! ज्या मांड्या सैल कुर्त्यांखाली वर्षानुवर्षं लपवल्या, त्यांनीच मला वर तोलून धरलं होतं.

मल्लखांब शिकायला येणार असाल तर नखं कापा, अंगठ्या-बांगड्या घरी ठेवा. खाली जाड गादी आणि शेजारी शिकवणारं माणूस हवंच.