भुकेचा निरोप

पंगतींत एखाद्या मुलानें तिसऱ्यांदा भात मागितला कीं कोणी तरी वडील माणूस त्यास ‘बकासुर’ म्हणून मोकळें होतें. आमच्या एका पुतण्यास आम्हीं स्वतःच हें नांव दिलें होतें. जिव्हेवर ताबा नसणें हा केवळ संस्काराचा दोष, अशी आमची पक्की समजूत होती. ती किती अपुरी होती, हें वाचकांपुढें मांडणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

भूक पोटांत लागते असें आपण म्हणतों; परंतु तिचा हिशेब मेंदूच्या तळाशीं असलेल्या हायपोथॅलॅमस नामक लहानशा भागांत होतो. पोट रिकामें झालें कीं जठरांतून ‘घ्रेलिन’ हें द्रव्य रक्तांत उतरतें व ‘अन्न हवें’ असा निरोप तेथें पोंचवितें. जपानांतील कोजिमा व कांगावा यांनीं तें १९९९ सालीं उजेडांत आणलें. उलटपक्षीं, शरीरांतील मेद ‘लेप्टिन’ नामक द्रव्याच्या द्वारें ‘सांठा पुरेसा आहे’ असें कळवितो. त्याचें जनुक न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनीं १९९४ सालीं शोधून काढलें. हे निरोप मिळाल्यावर मेंदूंतील न्यूरोपेप्टाइड वाय भूक चेतवितें, तर मेलॅनोकॉर्टिन तिला आवरतें.

आतां मेदाचा निरोप मुळीं निघालाच नाहीं तर? १९९७ सालीं इंग्लंडांत केंब्रिज येथील संशोधकांस एकाच कुळांतील अशीं दोन मुलें आढळलीं. आठ वर्षांच्या मुलीचें वजन ८६ किलो व दोन वर्षांच्या मुलाचें २९ किलो होतें. जन्मतःच त्यांच्या शरीरांत लेप्टिन जवळजवळ नव्हतें. त्यामुळें कितीही खाल्लें तरी तृप्ति ठाऊक नाहीं! पुढें त्या मुलीस लेप्टिनचीं इंजेक्शनें सुरू केलीं, तेव्हां तिची भूक आवरली आणि वर्षभरांत वजन सुमारें १६ किलोंनीं उतरलें. आईबापांनीं कितीही दटावलें असतें तरी हें साधलें नसतें.

असा दोष अत्यंत विरळा, हें मात्र ध्यानांत ठेवावें. बहुतेक स्थूल माणसांत लेप्टिन विपुल असतें, पण मेंदू त्याची पुरेशी दखल घेत नाहीं. म्हणून तें इंजेक्शन सर्वांचा उपाय नव्हे. मिताहाराचें महत्त्वही यानें कमी होत नाहीं.

आमच्या पुतण्याच्या भुकेचें कारण काय होतें, हें आम्हीं कधीं विचारलेंच नाहीं. त्या नांवानंतर तो पंगत चुकवून मागाहून एकटाच जेवूं लागला, हें मात्र आम्हांस फार उशिरां उमगलें. ताटावर बसलेल्या मुलास नांवें ठेवण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं एवढें आठवावें, हीच विनंति.