आधी नोंद, मग नक्कल

आभासी संगणकाची डिस्क म्हणजे बहुधा एक भली मोठी फाइलच. रोज तिची पूर्ण नक्कल परवडत नाही. म्हणून एकदा पूर्ण बॅकअप घेऊन पुढे फक्त बदललेला भाग उतरवतात. बदल कळावा यासाठी क्यूईएमयू या मुक्त प्रणालीत नोंदपट असतो. डिस्कचे सहसा ६४ किलोबाइटचे तुकडे, प्रत्येकाला एक बिट. तुकड्यावर काही लिहिले की खूण पडते. एक टेराबाइटच्या डिस्कला जेमतेम दोन मेगाबाइटचा पट पुरतो!

अशा कामाची माहितीपुस्तिका तपासताना मी आधी आज्ञांचा क्रम पाहतो. ‘पूर्ण बॅकअप घ्या, मग नोंदपट सुरू करा’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष, पण घातक आहे. बॅकअप कित्येक तास चालला, तरी नक्कल असते ती तो सुरू झाला त्या क्षणाची. मधल्या तासांत लिहिलेले ना नकलेत येते, ना पटावर. आणि हे कळते डिस्क परत उभी करताना. उलट क्रमात फार तर काही तुकडे दोनदा उतरतील. क्यूईएमयूची पुस्तिका दोन्ही आज्ञा एकाच व्यवहारात द्यायला सांगते, म्हणजे दोन्हींचा क्षण एकच.

यंत्र मध्येच बंद पडले, तर डिस्कफाइलीत साठवलेला पट भरवशाचा राहत नाही. तो काढून टाकून पुन्हा पूर्ण बॅकअपच घ्यावा लागतो.