कुचेष्टा

विनोद आणि कुचेष्टा हीं एकाच घरचीं भावंडें आहेत, असा पुष्कळांचा समज असतो. आमच्या मतें तीं एका आळींतलींहि नव्हेत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनीं ‘सुदाम्याचे पोहे’ या लेखसंग्रहांत खुळ्या रूढींची मनसोक्त थट्टा केली. परंतु रूढि मनांत आणल्यास सोडतां येते. तोतरें बोलणें, तिरळा डोळा किंवा बापाची गरिबी कोणास सोडतां येते?

कुचेष्टेची रीत समजण्यास डॉ. आनंदीबाई जोशी यांचें उदाहरण फार उपयोगी आहे. मुंबईस त्या शाळेंत जात तेव्हां वाटेंत लोक त्यांस पाहून हसत व ओरडत. कोणी गाड्या थांबवीत. त्यांस हातीं पुस्तकें घेऊन जातांना पाहून लोक खिडकींतून डोकीं बाहेर काढीत! अपराध एवढाच कीं, एक ब्राह्मणाची मुलगी पायांत बूट-मोजे घालून शाळेस चालली होती. ही हकीकत त्यांनीं स्वतःच १८८३ सालीं बंगाल्यांतील श्रीरामपूर येथें दिलेल्या व्याख्यानांत सांगितली. त्या वेळीं त्यांस अठरा वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं.

यांतील कोणी एकटा असतां, तर बहुधा खालीं मान घालून निघून गेला असता. कुचेष्टेस सोबती लागतात. वर्गांत पाहावें : टोमणा मारणारा ज्यास टोमणा मारला त्याच्याकडे पाहत नाहीं, मागल्या बांकाकडे पाहतो. तेथून हसूं आलें कीं दुसरा टोमणा तयार! हसणारांपैकीं कित्येकांस त्यांत गोडीहि नसते. उद्यां आपली पाळी येऊं नये म्हणून ते हसतात. आणि तो बिचारा रडूं लागला, तर “सहज थट्टा केली, त्यांत एवढें काय?” असें म्हणून दोष त्याच्याच माथीं मारतात.

पालकांनीं रागावूं नये, पण ‘काळुंद्री’, ‘ढब्बू’ हीं नांवें मुलें प्रथम घरींच ऐकतात, असा आमचा अनुभव आहे.

आनंदीबाई १८८३ सालींच अमेरिकेस गेल्या. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथें त्यांस एम्. डी. ही पदवी मिळाली. परत आल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्या क्षयानें वारल्या. त्यांची रक्षा मात्र येथें नाहीं. परदेशांत ज्या कार्पेंटरबाईंनीं त्यांस पोटच्या मुलीप्रमाणें सांभाळलें, त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमींत, न्यूयॉर्क संस्थानांतील पोकीप्सी गांवीं, ती ठेविलेली आहे.